मोटारीतले मुके मोडेम

डॅशबोर्डच्या आत बसवलेली ही चपटी पेटी म्हणजे टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट. गाडी कुठे उभी आहे हे मालकाच्या फोनवर दाखवणे, लांबून दारे बंद करणे आणि अपघात झाल्यास मदतकेंद्राला आपणहून फोन लावणे ही कामे तिच्यातल्या, मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या मोडेमवर चालतात. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्याने मान्यता घेणाऱ्या मोटारींच्या मॉडेलांना अशा आपत्कालीन कॉलची सोय सक्तीची झाली आहे.

ॲपवर ‘गाडीशी संपर्क नाही’ असे दिसले की पेटीच बदलण्याची घाई होते. ती टाळावी, कारण दोष बरेचदा पेटीच्या बाहेर असतो.

गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर यू०१९८ (U0198) हा दोषाचा कोड आला, तर गाडीतल्या इतर इलेक्ट्रॉनिक युनिटांना या युनिटचे संदेश मिळत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मोबाइल नेटवर्कविषयी तो काहीही सांगत नाही. अशा वेळी आधी फ्यूज, अर्थिंगची जोडणी आणि मग कॅन बस, म्हणजे युनिटे ज्यावरून एकमेकांना संदेश पाठवतात ती तारांची जोडी, तपासावी. हाय-स्पीड कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे बॅटरी सोडवून दोन्ही तारांमध्ये मोजल्यास साधारण ६० ओहम मिळतात. मीटरने १२० दाखवले, तर एका टोकाचा रेझिस्टर सर्किटमधून सुटला आहे असे समजावे.

खरी फसगत अँटेनापाशी होते. बरीच युनिटे अँटेनाच्या केबलमध्ये अगदी थोडा डीसी प्रवाह सोडून ती तुटली आहे की शॉर्ट झाली आहे हे ओळखतात. परंतु छतावरच्या शार्क-फिनखाली, म्हणजे माशाच्या परासारख्या अँटेनाच्या आवरणाखाली, पाणी झिरपून कनेक्टर गंजला असेल, तर डीसीला वाट मिळत राहते, कोड उमटत नाही, आणि रेडिओ सिग्नल मात्र वाटेतच क्षीण होतो. म्हणून स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये सिग्नलची पातळी पाहावी लागते. एलटीईसाठी (४जी) उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) आसपासची पातळी चांगली मानतात. उणे ११५ च्या खाली जोडणी डळमळू लागते. हा आकडा गाडी उघड्यावर आणून घ्यावा, कारण पत्र्याच्या छपराखाली धडधाकट अँटेनाही आजारी दिसते. त्यानंतर खात्रीची दुसरी अँटेना थेट युनिटला जोडून पातळी सुधारते का, ते पाहावे. सुधारली, तर दोष केबलमध्ये किंवा छतावर आहे.

सिग्नल भरपूर असूनही नेटवर्कवर नोंदणी होत नसेल, तर ई-सिम (युनिटमध्येच बसवलेले सिम) आणि सेवेचे खाते चालू आहे का, याची चौकशी सेवा देणाऱ्या कंपनीकडे करावी लागते. कधी कधी नेटवर्कच उरलेले नसते. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केली, तेव्हा त्या सेवेवर अवलंबून असलेल्या गाड्यांमधली मोडेम कोणताही बिघाड नसताना निकामी झाली. अशा गाडीत त्याच पिढीची कोरी पेटी बसवली, तरी तिलाही जोडायला टॉवर सापडत नाही.