कामाचा घोर आणि कामाचे कायदे

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीपुढं राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला विचारून बघा, त्रास कशाचा होतो. उष्म्याचं आणि धुळीचं तो दोन वाक्यांत उरकतो. मग विषय निघतो ठेकेदाराचा. ऑर्डरी कमी झाल्या की निरोप येतो, ‘सोमवारपासून येऊ नको, लागलास तर सांगतो.’ कामाचा शीण झोपेनं जातो. हा घोर मात्र झोपच उडवतो.

ताण म्हटलं की आपल्याकडं योगाचं शिबिर भरवतात. योगाशी माझं वैर नाही, पण सोमवारी काम आहे की नाही, याचं उत्तर प्राणायामात सापडत नाही.

योहान्नेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञानं 1996 साली यावर एक साधी मांडणी केली. माणूस कामात किती झिजतो आणि बदल्यात त्याला काय मिळतं, या दोन्हींचा मेळ बसला नाही की ताण वाढतो. मिळतं म्हणजे नुसता पगार नव्हे. मान, बढती आणि नोकरीची शाश्वतीही त्यातच आली. निपाणीकडच्या बिडी वळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. मजुरी हजार बिड्यांमागं ठरलेली. दिवसभर मान खाली घालून वळायचं, बोटं काळी करायची, आणि जुड्या दिल्यावर तपासणारा त्यातल्या काही बिड्या बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत. श्रम पक्के, मोबदला मात्र दुसऱ्याच्या नजरेवर.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या बारा देशांमधल्या, पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे दहा हजार नोकरदारांची माहिती तपासली. जिथं सरकार बेकारांना आधार देतं आणि नवं काम शिकवण्यावर खर्च करतं, त्या स्कँडिनेव्हियन देशांत कामाची परिस्थिती बरी आढळली. ताणानं येणारी उदासी सगळीकडंच दिसली, पण इंग्लंडात आणि दक्षिण युरोपात तिचा जोर जास्त होता. आता हे देश आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत, त्यामुळं त्यांचं जसंच्या तसं इथं चालेल असं मी म्हणत नाही.

डेन्मार्कचं उदाहरण तर भल्याभल्यांना बुचकळ्यात टाकतं. तिथं मालकाला कामगार काढणं फारसं अवघड नाही. पण ज्यानं बेकारी विम्याची वर्गणी भरली आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. बदल्यात त्यानं काम शोधायचं, सांगितलं तर प्रशिक्षणाला जायचं. नोकरी जाते, पण घर बसत नाही.

आपल्याकडं उलटं. शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कपातीआधी सरकारची परवानगी लागायची. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ती मर्यादा तीनशेवर गेली. पण बेळगावजवळच्या मच्छे, होनग्यातल्या लहान वर्कशॉपना या परवानगीशी तेव्हाही देणंघेणं नव्हतं, आताही नाही. ठेकेदाराच्या माणसाला तर काढलंच जात नाही, त्याला नुसतं बोलावलं जात नाही. कायद्याची भिंत उंच, पण ती मोजक्या कायम कामगारांभोवती.

तासांचीही गोष्ट आहेच. जपानमध्ये अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असं नावच पडलं, 2014 साली तो रोखण्यासाठी कायदा करावा लागला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, 35 ते 40 तास करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. आणि याच काळात, 2023 साली, कर्नाटकानं कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच ठेवली, हे खरं. पण ‘ओव्हरटाइम नको’ म्हणण्याची हिंमत कुणात असते? उद्याच्या हजेरीची खात्री असलेल्याच माणसात.

आधार अगदीच नाही असं नाही. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराला कौशल्यनिधीतून पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांत संगणकावर चालणारं सीएनसी मशीन कोण शिकणार, ते सोडा. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, त्याच्याकडं 2018 पासून बेकारी भत्त्याची योजना आहे. निम्म्या पगाराइतका भत्ता, जास्तीत जास्त 90 दिवस, तोही आयुष्यात एकदाच, आणि वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असतील तरच.

तेव्हा ज्यांचा पगार 21 हजारांच्या आत आहे, त्यांनी नोकरी हातात असतानाच ठेकेदाराकडं आपला ईएसआय नंबर मागावा. पगारातून कापलेली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे ईएसआयच्या कार्यालयात जाऊन तपासावं. एकट्यानं मागायला जड जात असेल, तर पाळीतल्या चारपाच जणांनी मिळून जावं.

नमस्कार.