मावशी, तुम्ही लाच दिली का?

(परळमधली जुनी चाळ. दुसरा मजला, सामाईक गॅलरी. दुपारची वेळ.)

चाळीच्या गॅलरीत एकाला विचारलेला प्रश्न अख्खा मजला ऐकतो. हातात टॅब घेऊन सर्व्हेवाली मुलगी आईला विचारत होती, "मावशी, गेल्या वर्षभरात सरकारी कामासाठी तुम्ही कुणाला लाच दिली का?" शेजारच्यांचं दार उघडं. कपडे वाळत घालणाऱ्या काकू हातातला टॉवेल तसाच धरून थांबलेल्या. आई म्हणाली, "नाही गं बाई. आपण कशाला देऊ?" मुलीने 'नाही'वर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

त्याच वर्षी बाबांच्या पश्चात आमची खोली आईच्या नावावर करायची होती. चार खेपा झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी फाईल वरच्या मजल्यावर. पाचव्या खेपेला शिपाई जिन्यापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, एखादा माणूस धरा ना." माणूस धरला. त्याने पाच हजार घेतले आणि पंधरा दिवसांत कागद हातात आणून दिला.

आई आजही त्याला एजंटचे पैसे म्हणते. ती त्या मुलीशी खोटं बोलली नव्हती. लाच म्हणजे पाकिटातली, पेपरात फोटो येतो ती, असं तिच्या डोक्यात आहे. या शहरात लाचेला लाच म्हणतंच कोण? चहापाणी, चिरीमिरी, वजन, सेटिंग. फाईल 'हलवावी' लागते, साहेबांचं 'बघावं' लागतं. सर्व्हेच्या प्रश्नात यातला एकही शब्द नसतो.

(वरळी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची पाटी.)

शिवाय भीती आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवल्यास संरक्षण मिळतं. तक्रारीसाठी १०६४ हा क्रमांक आहे. तक्रार खरी वाटली, की सापळा लावतात. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी भुकटी फासतात. नोटा घेणाऱ्याचे हात पंचांसमोर सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. तिथे कुणाचं मत विचारावं लागत नाही.

सर्व्हेच्या हातात असं पाणी नाही. त्याच्याकडे फक्त माणसाचा शब्द असतो, तोही गॅलरीत उभ्या उभ्या दिलेला.

(पडद्यावर आकडे.)

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही भ्रष्टाचारावर नजर ठेवणारी जागतिक संस्था. तिच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात (१०० म्हणजे एकदम स्वच्छ) भारताला १०० पैकी ३८ गुण मिळाले, १८० देशांत ९६ वा क्रमांक. बातमी आली, की आपण म्हणतो, बघा, लोकांनाच असं वाटतं. पण या यादीसाठी सामान्य माणसाला कुणी विचारतच नाही. तज्ज्ञ आणि उद्योजक यांच्या आकलनावर ती बनते. लोकांना विचारणारी पाहणी वेगळी. याच संस्थेच्या २०२० च्या आशियातल्या पाहणीत ८९ टक्के भारतीय म्हणाले, सरकारी भ्रष्टाचार ही मोठी समस्या आहे. सरकारी सेवा घेतलेल्यांपैकी ३९ टक्के म्हणाले, आम्ही वर्षभरात लाच दिली. पहिला आकडा वाटण्याचा, दुसरा अनुभवाचा. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही एकाच पिशवीत टाकतात, आणि याची मला मनापासून चीड येते. त्या ३९ मध्ये माझ्या आईसारखं 'नाही' म्हणणारं कुणीच धरलेलं नाही.

(दलाल स्ट्रीट. शेअर बाजाराची इमारत.)

जून २०२४. लोकसभेचं मतदान संपलं, त्याच संध्याकाळी एक्झिट पोल आले. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. सोमवारी, ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. मंगळवारी मतमोजणीत एनडीए २९३ वर थांबली आणि तोच सेन्सेक्स जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. त्याच दिवशी मुंबई उत्तर पश्चिममध्ये दोन्ही शिवसेनांच्या उमेदवारांना साडेचार लाखांवर मतं पडली आणि निकाल लागला ४८ मतांनी. आमच्या चाळीच्या एका मजल्यावर तेवढे मतदार निघतील. एवढा बारीक फरक कुठलाही सर्व्हे पकडू शकत नाही, आणि तो पकडेल असं कुणी सांगूही नये.

तेव्हापासून नाक्यावर ऐकतो, सगळे पोल मॅनेज असतात. मी एवढ्या टोकाला जाणार नाही. एक्झिट पोल चुकला, तर तीन-चार दिवसांत उघडा पडतो. मतपेटी त्याचा हिशेब घेते. भ्रष्टाचाराच्या सर्व्हेची मतमोजणी कधीच होत नाही. तो चुकला तरी कुणाला कळणार नाही. म्हणून त्याला जास्त टोकदार प्रश्न विचारायला हवेत. किती जणांना विचारलं? कोणत्या भाषेत? बाजूला कोण उभं होतं? पैसे कुणी दिले? आणि टॉवरमधल्या लोकांचं काय? तिथे वॉचमन इंटरकॉम लावतो, वरून 'नको' येतं आणि मुलगी गेटवरूनच परत फिरते. पुनर्विकासाच्या मोठ्या फायली ज्यांनी पाहिल्यात, त्यातले किती जण या आकड्यांत आलेच नसतील.

(पुन्हा गॅलरी. संध्याकाळ. एक रुपयाचं नाणं.)

लाजेवर आणि भीतीवर एक तोडगा आहे. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी त्याची मूळ कल्पना १९६५ मध्ये मांडली. त्यातूनच हा नाण्याचा प्रकार आला. नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा आला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. शंभर जणांत साधारण पन्नास 'हो' छाप्याचेच. सत्तर जण 'हो' म्हणाले, तर वरचे वीस काट्याच्या पन्नासांतले, म्हणजे शंभरात चाळीस. कोण चाळीस, ते विचारणाऱ्यालाही कळत नाही.

शेजारच्या काकांनी दुपारी त्या मुलीला पाहून दार लोटून घेतलं होतं. आता ते बाहेर आले. प्रश्न तोच, फक्त आम्ही शब्द बदलले : "सरकारी काम व्हावं म्हणून कधी कुणाला वरचे पैसे दिले?" काकांनी नाणं उडवलं, मनगटावर झेललं, दुसऱ्या हाताने झाकून डोळ्यांजवळ नेलं. मजला ऐकत होता. त्यांनी आमच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले,

"हो."