विंडो गेली कुठे? एसडीएल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

आवाज येतोय ना मागेपर्यंत? बरं. सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून करतो.

एक छोटा गेम लिहीत होतो, एसडीएल वापरून, म्हणजे विंडो, आवाज, कीबोर्ड सांभाळणारी तयार कोडची लायब्ररी. त्याच्या टेस्ट एका सर्व्हरवर चालवायच्या होत्या आणि सर्व्हरला मॉनिटर वगैरे काही नाही, मग कळलं की एसडीएल व्हिडिओड्रायव्हर नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, ‘डमी’ लिहिलं की विंडो न उघडता सगळं चालतं, म्हटलं आधी आपल्याच लॅपटॉपवर बघू, ते सेट करणारी एक्स्पोर्टची ओळ बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडलं की आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, टाकली, टेस्ट पास झाल्या, आणि ती ओळ तिथंच राहिली. आठ-दहा दिवसांनी टर्मिनलवरून गेम चालू केला तर म्युझिक वाजतंय, लॉग पडतोय, आणि विंडोचा पत्ताच नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर काढून परत टाकला, रीस्टार्ट केलं, दोन तास गेले. एरर एकही नाही. येणार कुठून, मी सांगितलं तसंच तर ते वागत होतं! आणि वेड लावणारी गोष्ट म्हणजे मेनूतल्या आयकॉनवर क्लिक केलं की तोच गेम विंडोसकट उघडायचा.

हा आयकॉनचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही युनिक्सची जुनी वस्तू, १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला नाव-किंमत अशा जोड्यांची एक यादी हातात मिळते, ज्याने त्याला सुरू केलं त्याच्या यादीची कॉपी. कॉपी बरं का. म्हणून एका टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट केलेलं शेजारच्या टर्मिनलला कळत नाही, आणि आतल्या प्रोग्रामने बदललेलं बाहेरच्या शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रामला, कळत नाही. फक्त वरून खाली, आईबापाकडून पोराकडे. आता आयकॉनचं कोडं सोपं झालं, आयकॉनवरून सुरू झालेल्या गेमचा बाप माझं बॅश नव्हतंच, डेस्कटॉप होता, आणि डेस्कटॉपने माझी बॅशआरसी कधी वाचलीच नव्हती.

आता एसडीएल. सॅम लँटिंगाने १९९८ मध्ये सुरू केलेली लायब्ररी. विंडो, कीबोर्ड, आवाज, जॉयस्टिक हे सगळं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगवेगळं असतं, ते एकाच पद्धतीने वापरता यावं म्हणून. पण क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे नुसतं विंडोज, मॅक आणि लिनक्स असं नाही, एकट्या लिनक्सवरच स्क्रीनवर चित्र दाखवायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत, एक्स-इलेव्हन आहे, वेलँड आहे, डेस्कटॉपच नसेल तर केएमएसडीआरएम आहे, आणि या सगळ्यांचे ड्रायव्हर एकाच बायनरीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत, असू शकतात. मग त्यातला कुठला घ्यायचा हे कोण ठरवणार? गेम कंपाइल करणाऱ्याला समोरच्याचं मशीन माहीत नसतं. एसडीएल स्वतःच्या क्रमाने एकेक करून बघते, जो चालेल तो घेते, बहुतेक वेळा बरोबर घेते. आणि जेव्हा चुकते, विंडो फाटल्यासारखी दिसते, माऊस भलतीकडेच जातो, तेव्हा खेळणाऱ्याने काय करायचं? सोर्स त्याच्याकडे नाही, कधीकधी तर बनवणाऱ्याकडेही उरलेला नसतो. त्याच्या हातात उरतं ते एवढंच, प्रोग्रामच्या नावाआधी व्हेरिएबलचं नाव आणि किंमत असा एक शब्द जास्त टाइप करायचा. माझ्या मते हे व्हेरिएबल असतं ते खेळणाऱ्यासाठी, आपल्यासाठी नाही. आपण प्रोग्रामर लोक त्याला सेटिंग लपवायचा कोपरा समजतो आणि तिथेच फसतो.

एसडीएल दोनमध्ये, म्हणजे २०१३ पासून, यातल्या बऱ्याच गोष्टींना हिंट म्हणतात. हिंट कोडमधूनही सेट करता येते आणि त्याच नावाच्या व्हेरिएबलमधूनही. दोघांनी वेगळं सांगितलं तर? इथे फार विचारपूर्वक ठरवलेलं आहे. हिंटला तीन दर्जे आहेत, डीफॉल्ट, नॉर्मल आणि ओव्हरराइड. कोडमधून साध्या सेटहिंटने काही सांगितलं तर तो नॉर्मल दर्जा, आणि त्या नावाचं व्हेरिएबल बाहेर आधीच असेल तर एसडीएल तुमचं म्हणणं सरळ नाकारते, फंक्शन फॉल्स परत देतं. म्हणजे खेळणाऱ्याचा शब्द वरचढ. ओव्हरराइड दिला तरच कोड जिंकतो. काही जण सगळीकडे ओव्हरराइड ठोकून देतात, ‘युजर उगाच काहीतरी करेल’ म्हणून, मला ते अजिबात पटत नाही, ज्याच्या मशीनवर बिघडलंय त्याचाच दरवाजा तुम्ही बाहेरून कडी लावून बंद करताय.

हेच धोरण आणखी एका ठिकाणी दिसतं. एसडीएलची जुनी १.२ आवृत्ती एलजीपीएल लायसन्सखाली होती, त्यात वापरणाऱ्याला लायब्ररी बदलता यावी अशी अट असते, त्यामुळे लोक ती सहसा वेगळी लायब्ररी म्हणून जोडायचे, आणि ती फाइल बदलली की दहा वर्षांपूर्वीचा गेमही नव्या मशीनवर चालायचा. एसडीएल दोन झेडलिब या फारशा अटी नसलेल्या लायसन्सवर आली, आता ती गेमच्या पोटातच घालून टाकायची पूर्ण मुभा. सोयीचं आहे, पण मग बदलायची कशी? म्हणून त्यात डायनॅमिक एपीआय नावाची सोय घातली. एसडीएल डायनॅमिक एपीआय या व्हेरिएबलमध्ये नव्या लायब्ररी फाइलचा पत्ता द्या, गेमच्या पोटातली एसडीएल बाजूला होते आणि सगळे कॉल नव्या फाइलकडे वळतात. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी अक्षरशः हसलो होतो.

आता जिथे जास्तीत जास्त लोक अडकतात ते, वेळ. व्हेरिएबल कधी वाचलं जातं? सगळी एकाच क्षणी नाही. व्हिडिओ ड्रायव्हर वाचला जातो व्हिडिओ इनिट होताना, म्हणजे एसडीएल व्हिडिओचा भाग सुरू करते तेव्हा, त्यानंतर कितीही बदला, काही फरक नाही. रेंडर ड्रायव्हर वाचला जातो रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा भाग, बनवताना. आणि एसडीएल दोनमधलं स्केल क्वालिटी, म्हणजे चित्र मोठं केल्यावर ठोकळे दिसायचे की गुळगुळीत, ते प्रत्येक टेक्स्चर, म्हणजे रेंडररला दिलेलं चित्र, बनवताना वाचलं जातं, त्यामुळे मध्येच बदललं तर आधीची टेक्स्चर ठोकळ्यांची आणि नंतरची गुळगुळीत असा एकाच स्क्रीनवर विचित्र खेळ होतो. पायगेमवाल्यांनी, म्हणजे एसडीएलवर बांधलेली ती पायथनची लायब्ररी वापरणाऱ्यांनी, हे पक्कं ध्यानात ठेवा, व्हेरिएबल सेट करणारी ओएस डॉट एन्व्हायरनची ओळ इनिटच्या वर हवी, आणि पायगेमचा तो स्वागताचा मेसेज लपवायचं जे व्हेरिएबल आहे ते तर इम्पोर्टच्याही वर, कारण मेसेज इम्पोर्ट होतानाच छापला जातो.

चूक झाली तर कळतं का? हेही एकसारखं नाही. व्हिडिओ ड्रायव्हरचं नाव चुकलं तर इनिटच फेल होतं, अमुक उपलब्ध नाही म्हणून. रेंडर ड्रायव्हरचं नाव चुकलं तर एसडीएल दोन गपचूप दुसरा घेऊन पुढे जाते. आणि व्हेरिएबलचंच नाव चुकलं, तर कोणालाच काही कळत नाही, कारण त्या नावाने कोणी हाक मारणारच नाहीये! एसडीएल तीनमध्ये व्हिडिओ आणि ड्रायव्हरच्या मध्ये अंडरस्कोअर आला आहे, दोनमध्ये तो नव्हता, तेव्हा तीनसाठी लिहिलेली ओळ दोनवर डोळे झाकून चिकटवू नका. सरळ मार्ग म्हणजे इनिटनंतर गेटकरंटव्हिडिओड्रायव्हर या फंक्शनचं उत्तर लॉगमध्ये छापा. एक ओळ. माझे दोन तास वाचले असते.

कोणीतरी विचारलं, विंडोजवर काय? विंडोजवर एक खास खड्डा आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट, नाव, बरोबरचं चिन्ह, डमी, मग स्पेस, दोन अँपरसँड आणि पुढे गेमचं नाव, असं एका ओळीत लिहिलंत की ती स्पेससुद्धा किमतीत जाते. एसडीएलला मिळतं ‘डमी’ आणि शेपटीला एक स्पेस, तिला असा ड्रायव्हर माहीत नाही, एररमध्ये डमी उपलब्ध नाही असं येतं आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो, अरे लिहिलंय की बरोबर. नाव आणि किंमत मिळून अवतरणात घाला, सुटतं. सेटएक्स वापरलंत तर ते नव्या उघडलेल्या प्रॉम्प्टला लागू होतं, चालू असलेल्याला नाही, तेच आईबाप आणि पोराचं गणित.

डमीमध्ये चित्र खरंच बनतं का, हा प्रश्न चांगला आहे. बनतं, मेमरीत, सॉफ्टवेअरने. ग्राफिक्स कार्डकडून चित्र काढून घेणाऱ्या ओपनजीएलची विंडो मात्र मागितलीत तर डमी नाही म्हणतो. आणि एसडीएल दोनमध्ये डमी सेव्ह फ्रेम्सचं एक व्हेरिएबल आहे, ते लावलं की प्रत्येक फ्रेम बीएमपी फाइल म्हणून डिस्कवर पडते, टेस्टमध्ये काय दिसलं असतं ते नंतर बघता येतं. जागा भराभर खातं, काढायला विसरू नका. हे मी सांगतोय म्हणजे बघा.

शेवटचा प्रश्न, गेम चालूच आहे आणि त्याला सुरुवातीला काय मिळालं होतं ते बघायचंय. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरच्या आत एन्व्हायरन नावाची फाइल असते, ती उघडा. ओळी नसतात, मध्ये शून्य बाइट असतो म्हणून सगळं एकाला एक चिकटलेलं दिसेल, टीआर कमांडने शून्याच्या जागी नवी ओळ घाला. मला माझा डमी शेवटी तिथेच सापडला, खालून तिसऱ्या ओळीत.