वजनाचे पैसे आणि केळाचा चेहरा

(जळगावातील लहान-मोठ्या उद्योजकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, बाहेर ४४ अंश आहे आणि तुम्ही दुकानं, गिरण्या सोडून इथे आलात, तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो. रणनीती कागदावर असते, ती कामात कशी उतरवायची, हा आजचा विषय. यावर मला जे कळतं, त्यातलं बरंचसं मी एका केळीच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल धुऊन, तपासून खोक्यांत भरतात त्या शेडमध्ये, तोंडावर आपटून शिकलो. तेच सांगतो.

रावेर तालुक्यातलं पॅकहाउस. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझीही होती. मी तिथे सल्लागार होतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आखाताकडचे खरेदीदार येऊ लागले होते, तेव्हा मालकांनी ठरवलं की आता निर्यात करायची. मी बासष्ट स्लाइडांचं सादरीकरण केलं. पहिल्या स्लाइडवर 'दर्जा हीच ओळख'. सगळ्यांना आवडलं. आबांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाने, पेढेसुद्धा वाटले.

पहिले तीन कंटेनर गेले. तिसऱ्याची तक्रार फोटोंसकट आली. फण्यांवर काळे डाग, अंगठ्याएवढे. इथून निघताना माल हिरवागार, नितळ होता. केळीचा हा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. हिरव्या केळाला लागलेला मार दिसत नाही, पिकल्यावर वर येतो. आमचा माल पिकला तिकडे, आणि डाग आम्हाला दिसले कापणीनंतर तीन आठवड्यांनी. तोवर ती बाग, ती कापणीची टोळी, तो दिवस, कोणालाच काही आठवत नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत गेलो. खरं तर सल्ला द्यायच्या आधीच जायला हवं होतं. एक जण घडाचा दांडा कापत होता, दुसरा घड खांद्यावर घेऊन बांधाकडे पळत होता. हो, पळतच. बांधावर पोचला की खांदा वाकवून घड सोडून द्यायचा. खाली केळीची पानं अंथरलेली, पण घड पडल्याचा आवाज मला दहा पावलांवर ऐकू येत होता. फोमच्या गाद्या आम्ही विकत घेतल्या होत्या. त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या, दोरीसुद्धा सुटलेली नव्हती.

मुकादमाला विचारलं, गाद्या का वापरत नाही? तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आमाले पैसे वजनाचे भेटता, केळाच्या चेहऱ्याचे नही."

बासष्ट स्लाइडांत मजुरीचा दर कुठेच नव्हता. उत्तरेकडे ट्रक भरून माल जायचा तेव्हाचा क्विंटलमागचा दर तसाच चालू होता. टोळीने गादीवर घड ठेवला असता तर दिवसाला क्विंटल कमी भरले असते आणि घरी पैसे कमी गेले असते. आम्ही त्यांच्याकडून दर्जा मागत होतो आणि पैसे मोजत होतो घाईचे. आमची खरी रणनीती शोधायचीच असेल तर ती मजुरीच्या वहीत सापडली असती.

रॉबर्ट कॅपलान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ मध्ये बॅलन्स्ड स्कोअरकार्ड मांडलं. नफ्याचा आकडा होऊन गेलेलं सांगतो, म्हणून ग्राहक, आतली प्रक्रिया आणि शिकणं यांचीही मापं ठेवा, हे त्याचं सार. मोठ्या कंपन्यांत त्याचे रंगीत तक्ते होतात. आम्ही काय केलं, तर गोदामाच्या एका कोपऱ्यात लोखंडी रॅक लावला. रोज प्रत्येक टोळीच्या मालातली एक फणी बाजूला काढायची, तिच्यावर टोळीची चिठ्ठी लावायची आणि इथेच पिकवायची. पाच-सहा दिवसांत डाग वर येतो. तीन आठवड्यांनी परदेशातून कळणारी गोष्ट त्याच आठवड्यात आमच्या डोळ्यांसमोर. टोळीवाले स्वतःहून रॅकपाशी येऊन दुसऱ्यांच्या फण्या बघायला लागले. त्यात थोडी चेष्टाही चालायची.

मजुरीचा दरही बदलला: जेवढे खोके पास, तेवढे पैसे. हा बदल मी मुकादमाला सांगितला, आणि त्याने तो माझ्याकडे परत फेकला. म्हणाला, खोकी पॅकिंगमध्ये बिघडली तर आमचे पैसे का कापता? बरोबर होतं त्याचं. मग घड पॅकहाउसच्या दारात आला की तिथेच तपासायचा आणि तिथवरचीच जबाबदारी टोळीची, असं ठरलं. जपानी कंपन्यांत होशिन कान्री नावाची पद्धत आहे. वरून लक्ष्य येतं, खालचे लोक ते परत पाठवतात की एवढं जमेल, पण त्यासाठी हे लागेल. या फेकाफेकीला ते कॅचबॉल म्हणतात. आपल्याकडे वरून आलेला चेंडू खालचा माणूस खिशात घालतो, मान डोलावतो आणि जुन्याच पद्धतीने काम करतो. मुकादमाने भांडण केलं नसतं तर आमचंही तेच झालं असतं.

आता अवघड भाग. फण्या तुरटीच्या पाण्यात धुतात त्या टाकीवर एक ताई असायच्या. नजर अशी की शिरेएवढा चरा सुटायचा नाही. त्यांना सांगितलं होतं, खराब फणी बाजूला काढा. त्या काढायच्या. पण कंटेनर दारात उभा असला की आबा यायचे आणि म्हणायचे, "चालवून घ्या आज." दोनदा असं झालं, तिसऱ्यांदा ताईंनी काढणंच बंद केलं. कुणी रागावलं नाही, बैठक झाली नाही, नोंद झाली नाही. धोरण बदललं ते त्या टाकीपाशी, तीन शब्दांत.

मी आबांना दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे रिकामा कंटेनर आणि त्याचं भाडं होतं. शिवाय जुना ट्रकचा धंदा त्यांचा होता. तो दर आठवड्याला रोख देत होता आणि त्यावर घर चालत होतं. निर्यात करायची म्हणजे त्याच शेडमध्ये, त्याच माणसांकडून ट्रक भरणं थांबवावं लागणार होतं. हे वाक्य बैठकीत कोणी उच्चारलंच नव्हतं. काय करायचं याची यादी मी केली होती, काय सोडायचं याची नाही. नंतर आम्ही दिवस वाटून घेतले: चार दिवस निर्यात, दोन दिवस ट्रक. टोळ्या वेगळ्या, दर वेगळे. आदर्श तोडगा नाही हा. ट्रकच्या दिवशी हात घाईचे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ट्रॉलीवर ते दिसतं. पण आबा आता टाकीपाशी येत नाहीत, एवढं खरं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "आमची डाळ मिल आहे. आमच्याकडे केळी नाहीत, मग रॅकवर काय ठेवू?" चांगला प्रश्न. तुरीला तेल-पाणी लावून वाळवताना घाई झाली तर ते सोलताना कळतं, डाळ तुटते आणि चुनी, म्हणजे चुरा-टरफल, वाढते. पण तुरीतून डाळ किती निघाली, तो उतारा तुम्ही बहुतेक महिनाअखेरीला काढता, हो ना? तोवर कुठल्या पाळीने काय केलं, कोण सांगणार? पाळीगणिक तुकडा वेगळा तोलून बघा. किती निघतो ते माझ्याकडून नको, तुमच्या चाळणीवाल्याकडून ऐका. त्याला आधीपासून माहीत असेल, विचारलं नसेल कुणी. उद्या सकाळी सात वाजता मी येतो मिलमध्ये. ऑफिसात बसवू नका, चाळणीपाशीच चहा सांगा. आणि त्याची मजुरी पोत्यावर आहे की रोजावर, ते आज रात्री वहीत बघून ठेवा.