काळा कातळ, काळं आकाश
(नागपुरातल्या छायाचित्र-प्रदर्शनात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, भिंतीवर फोटो चिखलदऱ्याचे आणि पत्रिकेवर छापलंय 'ॲन्सेल ॲडम्सला अभिवादन'. ह्या अमेरिकन कृष्णधवल छायाचित्रकाराचा चिखलदऱ्याशी काय संबंध, असं मला दारातच दोघांनी विचारलं. सांगतो.

१० एप्रिल १९२७. पंचविशीतला ॲडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत, बर्फातून वाट काढत हाफ डोम नावाच्या डोंगरासमोरच्या कड्यावर चढला. सोबत अवजड कॅमेरा आणि काचेच्या १२ प्लेटा. वर पोचेस्तोवर दोनच उरल्या. एक पिवळ्या फिल्टरने घेतली. मग त्याला वाटलं, ह्यात आकाश फिकं येणार. हा डोंगर बघून आपल्याला जे वाटतंय ते काही उतरणार नाही. शेवटच्या प्लेटेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उजळून पुढे आला. फोटो घेण्याआधी प्रिंट मनात बघायचा, हे त्याला तिथे गवसलं.

मी काय केलं? लाल फिल्टर घेतला, परतवाड्यावरून घाट चढलो आणि नोव्हेंबरच्या स्वच्छ सकाळी गाविलगडासमोर ट्रायपॉड रोवला. माझ्याजवळही १२ फोटोंचाच रोल होता. तेवढीच काय ती बरोबरी! प्रिंट काढले तर आकाश काळं, कडाही काळा. कुठे काय संपतं ते कळेना. बायको म्हणाली, "अमावस्येला गेले होते का?" वाळलेलं गवत मात्र चांदीसारखं उतरलं होतं, हे फिल्टरचे उपकार.

गोम दगडात होती. ॲडम्सचा ग्रॅनाइट उजळ, म्हणून त्याला मागे काळं आकाश लागलं. आपला कातळ लाव्हाचा, बेसॉल्टचा. त्याला मागे पांढरं पाहिजे. मी त्याचा फिल्टर उचलला होता, त्याचा विचार नाही.

मग फिल्टर घरी ठेवला आणि श्रावणात गेलो. दरीतून धुकं वर चढतं तेव्हा कड्यामागे आपसूक पांढरा पडदा येतो. आता मीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र. त्याला काहीही दाखवा, तो ते मधल्या राखाडीतच बसवणार. ॲडम्सने फ्रेड आर्चर ह्या छायाचित्रकारासोबत जी झोन पद्धत बसवली, म्हणजे कुठला भाग प्रिंटवर किती काळा-पांढरा यायचा ते आधीच ठरवायची रीत, ती इथे कामी आली. मीटर कातळावर धरला आणि तो सांगेल त्यापेक्षा एक्सपोजर दोन स्टॉप कमी दिलं, म्हणजे फिल्मवर चौथाईच प्रकाश पडू दिला. काळा कातळ काळाच राहिला, पण भेगा आणि शेवाळ दिसायला लागलं. (रोल धुवायला मात्र मे महिना उजाडू देऊ नका. डेव्हलपरला, म्हणजे रोल धुवायच्या रसायनाला, २० अंश पाहिजेत आणि आपल्या नळाला तेव्हा चहाचं पाणी येतं. बादलीत बर्फ टाकून टाकून मी थकलो.)

दारापासून तिसरा फोटो बघाल, तर डावीकडे खाली एक पांढरी रेघ आहे. तो धबधबा आहे. कालपासून तिघांनी रुमालाने पुसून पाहिला.