हायड्रोजनची गाडी आणि कमी आवळलेले बोल्ट

नमस्कार श्रोतेहो.

हायड्रोजनच्या गाडीला आपल्याकडे सर्रास ‘पाण्यावर चालणारी गाडी’ म्हणतात. आधी तेवढं दुरुस्त करून घेऊ. पाणी गाडीतून बाहेर पडतं. टाकीत भरायचा असतो हायड्रोजन वायू. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, तिथं वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. 30 मार्च 2022 रोजी नितीन गडकरी ज्या गाडीतून संसदेत गेले, ती टोयोटा मिराई याच जातीची. तिच्या तीन टाक्यांत मिळून 5.6 किलो हायड्रोजन बसतो आणि तो भरायला पाचेक मिनिटं लागतात. हिशेबाला सोपं धरा: एका किलोत शंभर किलोमीटर, वर थोडे जास्तच.

मराठवाड्यात पहिला प्रश्न येतो पाण्याचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कोण विसरेल? पण हिशेब मांडून बघा. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. शुद्ध करताना वाया जाणारं धरून वीस लिटर म्हणा. म्हणजे शंभर किलोमीटरला लग्नाकार्यात आणतो तसा एक जार. खरा अडसर विजेचा आहे. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट लागतात. तो दाबून, थंड करून गाडीत भरेपर्यंत आकडा साठच्या आसपास जातो. छतावरच्या तीन किलोवॅटच्या सोलर पॅनेलची ही पाच दिवसांची वीज. साठ युनिटमध्ये हायड्रोजनची गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाईल, बॅटरीची गाडी साडेतीनशेच्या पुढं. पुन्हा सांगतो, साठ युनिट: इकडे शंभर-सव्वाशे, तिकडे साडेतीनशे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरच्या गाडीला बॅटरीच बरी. हायड्रोजन द्यायचा तो नांदेड-मुंबईसारख्या लांब पल्ल्याच्या बसला, अवजड ट्रकला, जिथं बॅटरीचं वजनच पोटातला माल खातं.

आता दाबाकडे येऊ. कारच्या चाकात हवा असते साधारण दोन बार दाबाची. सीएनजीच्या टाकीत दोनशे बार. मिराईच्या टाकीत सातशे बार, आणि पंपावरच्या साठवण टाक्यांत त्याहून जास्त, नाहीतर वायू गाडीत ढकलला कसा जाणार? हा दाब काय करू शकतो, ते नॉर्वेत दिसलं.

तारीख 10 जून 2019. ओस्लोजवळचं सांडविका गाव. सुट्टीचा सोमवार, संध्याकाळचे साडेपाच झालेले. रस्त्याकडेच्या हायड्रोजन पंपावर प्रचंड स्फोट झाला. त्या वेळी पंपावर कोणीही गाडी भरत नव्हतं. जवळून जाणाऱ्या एका गाडीतल्या एअरबॅग नुसत्या हवेच्या धक्क्यानं फुगल्या, कसली टक्कर नाही की काही नाही. त्यातल्या दोघांना दवाखान्यात जावं लागलं. जीव कोणाचा गेला नाही. जवळचे हमरस्ते बंद करावे लागले, आणि टोयोटा व ह्युंदाईनं नॉर्वेतली हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबवली, कारण गाडी घेऊन भरायची कुठं?

पहिला संशय गेला वायू भरायच्या नळीवर, मग पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रावर. दोन्ही निर्दोष निघाले. दोष सापडला साठवण टाकीच्या तोंडावर बसवलेल्या बुचात. नीट ऐका, कारण हे आपल्या कुकरच्या रिंगसारखंच आहे. त्या बुचाला आत-बाहेर दोन सील होती आणि बोल्टचेही दोन संच. बाहेरचे बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळलेले होते. आतले बोल्ट कमी आवळलेले होते. पुन्हा सांगतो, बाहेरचे बरोबर, आतले कमी.

त्यामुळं पहिल्या सीलमधून अगदी बारीक गळती सुरू झाली. अशी थोडी गळती वाहून जावी म्हणून बुचात एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, आणि काही काळ त्यानं आपलं काम केलं. पण इतक्या दाबाचा वायू फटीतून सुटला की सीलला झिजवत जातो. फट वाढते, गळती वाढते. छिद्राला ती पेलेना. दोन सीलच्या मधल्या जागेत दाब चढत गेला. आतले बोल्ट पुरेसे ताणलेले असते तर त्यांनी बूच दाबून धरलं असतं. ते ताणलेले नव्हते. बूच उचललं गेलं, दुसरं सील त्याच क्षणी गेलं, आणि टाकीतला वायू मोकळ्या हवेत सुटला. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो, आणि पेटायला त्याला इतकी कमी ऊर्जा लागते की अंगावरच्या कपड्यांची स्थिर वीजसुद्धा पुरते.

टाकी फुटली नव्हती. फ्युएल सेलचा काही संबंध नव्हता. जे तंत्रज्ञान धोक्याचं म्हणून लोक घाबरतात, ते सगळं जागच्या जागी ठीक होतं. जोडणीच्या वेळी पाना कमी फिरला होता. त्यानंतर त्या बनावटीच्या इतर पंपांवरचे बोल्ट तपासले गेले आणि जोडणीची पद्धत बदलली: टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजून बघायचा, दुसऱ्या माणसानं साक्षीला उभं राहायचं, आवळलेल्या बोल्टवर खूण करायची आणि नोंद ठेवायची.

इथं जरा विषय सोडून बोलतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये चाकाचे नट पान्यावर पाय देऊन, उभं राहून आवळतात. साध्या कारला साधारण शंभर न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. पायानं दिलेला जोर आटे ताणतो आणि पंक्चरच्या वेळी तोच नट निघत नाही. हाताच्या अंदाजाला आपण कौशल्य म्हणतो, पण चांगला कारागीरसुद्धा थकल्यावर वेगळा आवळतो. वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, काम होत नाही. मग आयटीआयच्या प्रत्येक मुलाच्या हाती पहिल्या महिन्यातच टॉर्क रेंच का असू नये? सरकारनं 2023 च्या जानेवारीत हरित, म्हणजे सौर-पवन विजेसारख्या स्वच्छ विजेवर काढलेल्या, हायड्रोजनसाठी 19,744 कोटींच्या मोहिमेला मंजुरी दिली. त्यातून आधी हे पाने घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

राहिला आपला उन्हाळा. वायू भराभर कोंबला की टाकी तापते. 85 अंशांच्या वर ती जाऊ द्यायची नसते, म्हणून पंपावर वायू उणे 40 अंशांपर्यंत गार करून सोडतात. बाहेर 43 अंश असताना तेवढं गार करायला वीज जास्त जाणार. पावसाळी दमट हवेत लागोपाठ गाड्या भरल्या तर नोझलवर बर्फ धरतो आणि ते गाडीला चिकटून बसतं. अशा वेळी हिसके द्यायचे नाहीत, बर्फ सुटेपर्यंत थांबायचं. फ्युएल सेलची उष्णता धुराबरोबर निघून जात नाही, जवळजवळ सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते. म्हणून या गाड्यांचा रेडिएटर मोठा लागतो, आणि त्याच्या जाळीत आपल्याकडची धूळ बसली की गाडीची ताकद कमी होते.

आणि वासाचं. घरच्या सिलेंडरला मुद्दाम वास दिलेला असतो. या हायड्रोजनला तो देत नाहीत, कारण वासाच्या द्रव्यातलं गंधक फ्युएल सेलमधलं प्लॅटिनम निकामी करतं. जळताना त्याची ज्योतही दिवसा दिसत नाही. गळती ओळखायची ती सेन्सरनंच. घरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा सेन्सर खाली लावतात. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, सुटला की सरळ वर जातो. त्याचा सेन्सर छताला लावायचा, आणि शेडच्या सगळ्यात उंच भागात वायू निघून जायला वाट ठेवायची.