फेवर-ल्युबा: जुराच्या डोंगरातून मुंबईच्या बाजारात

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातलं ल लोक्ल हे गाव. हिवाळ्यात इथे बर्फच बर्फ. शेत बंद, वाटा बंद. मग घराघरांतून खिडकीशी टेबलं लागायची आणि घड्याळांचे भाग घडायचे. या गावच्या १७३७ सालच्या एका कागदपत्रात अब्राहम फाव्र या घड्याळजीचं नाव सापडतं. पुढे त्याच्या वंशजांनी ल्युबा घराण्याशी भागीदारी केली. फ्रेंच उच्चार काहीही असो, आपल्याकडे नाव रुळलं ते फेवर-ल्युबा.

१८६५ मध्ये ही कंपनी हिंदुस्थानात आली. साल बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि कापसावर गबर झालेली मुंबई त्याच वर्षी शेअरबाजारात बुडाली. भलेभले शेठ दिवाळखोर झाले. अशा वेळी महागडी स्विस घड्याळं विकायला कोण येईल? हे आले, आणि टिकलेही. नशीब म्हणा किंवा चिकाटी. मला चिकाटीच वाटते. कारण पुढची शंभर वर्षं हिंदुस्थान ही त्यांची हक्काची बाजारपेठ राहिली.

आता हे घड्याळ जवळून बघू. १९६२ चं 'बिव्हूॲक'. वेळ दाखवणाऱ्या काट्यांच्या जोडीला उंची दाखवणारा आणखी एक लाल काटा आहे. आत धातूची एक चपटी, हवा काढून घेतलेली डबी बसवली आहे. डोंगर चढत जावं तशी बाहेरची हवा विरळ होते, डबीवरचा दाब कमी होतो, ती किंचित फुगते आणि तेवढ्यानं काटा सरकतो. निघताना बाहेरची कडी फिरवून त्या जागेची उंची लावून घ्यायची, बस. ना सेल, ना वीज. इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाती यांच्या मनगटावर हे घड्याळ होतं. १९६८ मध्ये 'बाथी' आलं. तेही दाबावरच चालायचं, फक्त हवेऐवजी पाण्याच्या. पाणबुड्याला खोली थेट डायलवर दिसायची.

एवढी करामत करूनही क्वार्ट्झपुढे, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांपुढे, इलाज चालला नाही. स्वस्त आणि अचूक घड्याळांचा लोंढा आला, आठ पिढ्यांची मालकी सुटली, नाव या हातातून त्या हातात फिरत राहिलं. २०११ मध्ये ते टाटांच्या टायटननं घेतलं. तिथे बिव्हूॲक पुन्हा तयार झालं, पण धंदा काही जमला नाही. २०२३ मध्ये टायटननं ते विकलं, तेही भारतीय गुंतवणूकदारांनाच.

फेवर-ल्युबाची जुनी 'सी चीफ', 'सी किंग' ही घड्याळं आजही ऑनलाइन मिळतात. मात्र घेण्याआधी डायल निरखून बघा. भडक निळा-केशरी रंग आणि वाकडीतिकडी अक्षरं दिसली, तर डायल नव्यानं रंगवलेली समजा. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नव्हे.